परदेशात रोजच्या कामांसाठी सोयीचे नाव वापरावे का? सोलापूरहून जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात चहाच्या टपरीवर, खानावळीत किंवा केशकर्तनालयात आपले नाव सांगण्याची वेळ सहसा येत नाही. चहावाला चेहरा ओळखतो आणि खानावळीतला पोऱ्या टेबलाचा नंबर ओरडतो. परदेशात मात्र कॉफीच्या काउंटरपासून जेवणाचे टेबल राखून ठेवण्यापर्यंत प्रत्येक जण आधी नाव विचारतो. सिद्धाराम, रेवणसिद्ध, मल्लिनाथ, व्यंकटेश, ज्ञानेश्वरी अशी नावे घेऊन गेलेल्या मुलामुलींची तिथे पहिल्या आठवड्यातच पंचाईत होते, आणि मग कोणी ‘सॅम’ होतो, तर कोणी ‘व्हिकी’. असे करणे योग्य आहे का, त्यात कायद्याची काही अडचण आहे का आणि कुठे थांबावे, याविषयी विद्यार्थी, नोकरदार आणि त्यांचे पालक जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

सोयीचे नाव आणि खोटे नाव यांत फरक तो काय?

त्या ठिकाणी तुमचे नाव कोणते काम करते, ते पाहावे. नाव केवळ हाक मारण्यापुरते असेल, म्हणजे तयार झालेला पेला कोणाचा किंवा रिकामे झालेले टेबल कोणाचे एवढेच त्यावरून ठरणार असेल, तर ते नाव टोकनाच्या जागी आहे आणि टोकनावर कोणता आकडा आहे याने कोणाचेही नुकसान होत नाही. मात्र त्या नावाच्या भरवशावर समोरचा माणूस तुम्हाला पैसे, उधारी, औषध, घर, प्रवासाचा हक्क किंवा नोकरी देणार असेल, तर तेथे पासपोर्टवरचेच नाव द्यावे लागते. पहिल्या प्रकारातील नाव सोयीचे आणि दुसऱ्या प्रकारातील बदललेले नाव खोटे, इतकी ही विभागणी सरळ आहे. या पानावरील बहुतेक उत्तरे हीच कसोटी लावून दिलेली आहेत.

पण हे बेकायदा नाही ना?

कॉफीसाठी दुसरे नाव सांगणे कोठेही गुन्हा नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर माणसाने स्वतःला कोणत्या नावाने ओळखवून घ्यावे याला कायद्याचे बंधन जवळजवळ नाही; फसवणुकीचा हेतू नसला म्हणजे झाले. हेतू फसवणुकीचा असेल, तर २००६ चा फसवणूकविरोधी कायदा लागू होतो आणि त्यात खोटी माहिती देऊन लाभ मिळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांची परंपराही अशीच सैल आहे. जर्मनीत नावाबाबत शिस्त अधिक कडक आहे: तेथे अधिकार असलेल्या सरकारी कर्मचाऱ्याने विचारल्यावर चुकीचे नाव सांगितले, तर दंड होऊ शकतो. बेकरीतला विक्रेता अर्थातच सरकारी कर्मचारी नव्हे.

कोणकोणत्या ठिकाणी सोयीचे नाव बिनधास्त चालते?

कॉफीचे दुकान, खाण्याचे पार्सल घेण्याची खिडकी, उपाहारगृहातील प्रतीक्षायादी, केस कापण्यासाठी घेतलेली वेळ, रविवारच्या क्रिकेटच्या संघाची यादी आणि एखाद्या वर्गाचा मोफत पहिला दिवस ही ठिकाणे त्यांत येतात. जपानमधील अनेक कौटुंबिक उपाहारगृहांत दाराशी ठेवलेल्या कागदावर आपले नाव स्वतःच काताकाना लिपीत लिहावे लागते. तेथे ‘व्यंकटेश’ लिहीत बसण्यापेक्षा दोन अक्षरांत काम भागवणे शहाणपणाचे असते.

या सोयीची गरज ज्यांना पटत नाही, त्यांनी काउंटरवरचा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. सकाळची वेळ आहे, मागे आठ-दहा माणसे उभी आहेत, काउंटरवरच्या मुलीने पेला आणि काळे मार्कर हातात घेऊन नाव विचारले आहे. तुम्ही ‘सिद्धाराम’ म्हणता. ती मान पुढे करून पुन्हा विचारते, तुम्ही पुन्हा सांगता, या वेळी थोडे मोठ्याने आणि अक्षरे तोडून. मार्कर पेल्यावर टेकतो, एस उमटतो आणि तेथेच थांबतो. मागच्या माणसाने घड्याळ पाहिलेले तुम्हाला दिसते. मग तुम्हीच म्हणता, ‘सिड’. तिचा चेहरा उजळतो आणि रांग पुढे सरकते. यात त्या मुलीचा दोष नाही आणि तुमचाही नाही. जोडाक्षर आणि त्यात महाप्राण ध असलेला शब्द तिच्या कानाने आधी कधी ऐकलेलाच नसतो.

आणि कोणत्या ठिकाणी अजिबात चालत नाही?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

विमानाचे तिकीट पासपोर्टवरील नावानेच काढावे लागते. अमेरिकेला जाणाऱ्या, तेथून निघणाऱ्या आणि तेथल्या तेथे होणाऱ्या विमानप्रवासात प्रवाशाचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि लिंग आधीच सुरक्षा यंत्रणेकडे जाते, त्यामुळे तिकिटावर ‘सॅम’ लिहून विमानतळावर समजावून सांगू, असे मनात आणू नये. बोर्डिंग पासवर आपले आणि वडिलांचे नाव मध्ये जागा न सोडता एकत्र छापलेले दिसले, तर मात्र घाबरू नये. आरक्षणाच्या संगणकप्रणाली नावांमधील मोकळी जागा गाळतात आणि विमानतळावरच्या लोकांना त्याची सवय असते.

बँकेच्या बाबतीत खाते उघडताना खरे नाव द्यायचे हे सर्वांना ठाऊक असते, चूक होते ती मित्रांमध्ये हिशेब चुकता करताना. ब्रिटनमधील प्रमुख बँका २०२० पासून आणि युरो वापरणाऱ्या देशांतील बँका ऑक्टोबर २०२५ पासून पैसे पाठवणाऱ्याने टाकलेले नाव खात्यावरील नावाशी ताडून पाहतात. घरातल्या सोबत्याला तुमचे नाव ‘सिड’ एवढेच ठाऊक असेल, तर भाड्याचा वाटा पाठवताना त्याच्या पडद्यावर नाव जुळत नसल्याची सूचना येते आणि तो बिचारा हे काही फसवणुकीचे प्रकरण तर नाही ना, या शंकेने थांबतो. म्हणून पैशांची देवघेव सुरू होण्याआधीच खात्यावरील नाव जसेच्या तसे लिहून द्यावे.

दवाखाना आणि औषधाचे दुकान येथे नाव आणि जन्मतारीख यांच्या जोडीवरून रुग्णाची ओळख पटवली जाते. चिठ्ठी एका नावाने आणि नोंद दुसऱ्या नावाने असेल, तर औषध मिळण्यास उशीर होतो. त्याहून वाईट म्हणजे ॲलर्जीची जुनी नोंद डॉक्टरांच्या नजरेस पडत नाही. सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण त्यांचा प्रवास विमा पासपोर्टवरील नावाने असतो आणि घरात मात्र त्यांना सगळे ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ म्हणत असतात.

घराचा भाडेकरार, वीज आणि गॅसची जोडणी, महाविद्यालयाची नोंदणी, कर, वाहन परवाना आणि हॉटेलातील मुक्कामाची नोंद या सर्व ठिकाणी कागदोपत्री नावच द्यावे. सिमकार्डाच्या बाबतीत देशागणिक नियम बदलतो: जर्मनीत जुलै २०१७ पासून प्रीपेड सिमसुद्धा ओळखपत्र तपासल्याशिवाय सुरू होत नाही, तर ब्रिटनमध्ये ते दुकानातून घेऊन तसेच वापरता येते.

राहिले तिकीट तपासनीस आणि पोलीस. ब्रिटनमध्ये रेल्वेत तिकिटाविना सापडलेल्या प्रवाशाने खोटे नाव किंवा पत्ता सांगणे हा १८८९ च्या रेल्वे नियमन कायद्यानुसार गुन्हा आहे आणि तो कायदा आजही लागू आहे. तिकीट नसण्याचे प्रकरण कित्येकदा दंड भरून मिटते. पण खोटे नाव सांगितले की ते न्यायालयापर्यंत जाऊ शकते आणि पुढे व्हिसाच्या प्रत्येक अर्जात त्याचा खुलासा करत बसावे लागते.

जर्मनीत घराच्या घंटेवर कोणते नाव लावावे?

पत्रे ज्या आडनावाने येणार, तेच. जर्मनीतील इमारतींमध्ये सदनिकांना सहसा क्रमांक नसतात. टपाल आणि पार्सल देणारा मनुष्य घंटेवरची आणि पत्रपेटीवरची आडनावे वाचूनच वस्तू पोचवतो. घंटेवर ‘सिड’ आणि पाकिटावर ‘बिराजदार’ असे असेल, तर पत्र परत जाते. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यानंतर करक्रमांकाचे पत्र टपालानेच येते, तेव्हा नावाची पट्टी पहिल्याच दिवशी लावावी. कोणाच्या घरात एक खोली घेऊन राहत असाल, तर मूळ भाडेकरूच्या नावाशेजारी आपले आडनाव चिकटवण्याची परवानगी मागून घ्यावी.

घरून पार्सल मागवताना कोणते नाव सांगावे?

आईवडील प्रेमाने लाडके नाव घालतात आणि शेंगाचटणीचा व कडक भाकरीचा डबा कुरिअरच्या गोदामात अडकतो. परदेशातील पार्सल केंद्र ओळखपत्र पाहिल्याशिवाय सहसा काहीही हातात देत नाही. पासपोर्टवरील नाव, घरमालकाचे किंवा मूळ भाडेकरूचे नाव आणि फोन क्रमांक असे तिन्ही इंग्रजीत लिहून घरी पाठवून द्यावे आणि ते तसेच्या तसे उतरवून घेण्यास सांगावे.

सोयीचे नाव कसे निवडावे?

आपल्याच नावाचा तुकडा घ्यावा, हे आमचे स्पष्ट मत आहे. श्रीशैल असेल तर ‘श्री’, मल्लिनाथ असेल तर ‘नाथ’, ज्ञानेश्वरी असेल तर ‘ईश्वरी’ किंवा ‘ईशा’. मराठी माणूस ज्ञ हे अक्षर इंग्रजीत डी-एन-वाय असे लिहितो आणि ते पाहून अमराठी भारतीयसुद्धा अडखळतो, तेव्हा नावाचा सुरुवातीचाच भाग ठेवला पाहिजे, असा हट्ट धरू नये. तुकडा शक्यतो एक किंवा दोन अक्षरी असावा, त्यात ळ किंवा अवघड जोडाक्षर नसावे आणि तो फोनवरही कळावा.

संपूर्ण परके नाव घेण्यातील अडचण व्यावहारिक आहे. गजबजलेल्या दुकानात ‘सॅम’ अशी हाक आली, तर तुमची मान वळत नाही, कारण ते नाव तुमच्या कानात मुरलेले नसते. कॉफी तिथेच निवत राहते आणि कधीकधी दुसराच सॅम ती उचलून नेतो. शिवाय सोबत आलेला मित्र तुम्हाला ‘ए सिद्धू’ म्हणून हाक मारतो, तेव्हा उगाच खुलासा करावा लागतो. एकदा निवडलेले नाव सगळीकडे तेच ठेवावे. टेबल कोणत्या नावाने राखले होते हे दारात उभे राहून आठवत बसणे शोभत नाही.

मित्राचे नाव किंवा खाते वापरले तर?

अजिबात वापरू नये. अस्तित्वात असलेल्या दुसऱ्या माणसाच्या नावाने वावरणे ही तोतयेगिरी आहे. खाद्यपदार्थ घरपोच देण्याच्या कामात दुसऱ्याचे खाते भाड्याने घेऊन राबणारे विद्यार्थी आढळतात आणि ‘सगळेच करतात’ असे त्यांना सांगितले जाते. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्राच्या काळात आठवड्याला २० तासच काम करता येते, शिवाय स्वतंत्र व्यावसायिक म्हणून काम करण्यास विद्यार्थी व्हिसावर मनाईच आहे. भाड्याच्या खात्यावर काम करणाऱ्याचा व्हिसा जाऊ शकतो, अपघात झाल्यास विमा मिळत नाही आणि खातेदाराने कमाई हातावर ठेवली नाही, तर तक्रार करायलाही तोंड राहत नाही. घरच्या कर्जाचे हप्ते डोक्यावर असताना ही वाट सोपी वाटते, हे आम्ही जाणतो. तरीही उत्तर बदलत नाही.

पासपोर्टवर एकच नाव आहे, आडनावाचा रकाना रिकामा आहे. काय होईल?

अमेरिकेच्या व्हिसावर तुमचे एकमेव नाव आडनावाच्या जागी जाते आणि पहिल्या नावाच्या जागी एफ-एन-यू ही तीन अक्षरे छापली जातात, ज्यांचा अर्थ पहिले नाव अज्ञात असा आहे. मग बँकेपासून महाविद्यालयापर्यंत सगळे तुम्हाला ‘फ्नू’ म्हणू लागतात आणि नको असलेले सोयीचे नाव सरकारी खर्चाने मिळते. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक आणि भेट व्हिसाने प्रवेश देण्याबाबत निर्बंध आणले, तेव्हा दुबईमार्गे किंवा दुबईला जाणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधी विमान कंपनीकडे चौकशी करावी. शक्य असल्यास निघण्यापूर्वीच आडनाव घालून पासपोर्ट नव्याने काढून घेणे उत्तम.

वडिलांचे नाव तिकडे माझ्या नावाला का चिकटते?

भारतीय पासपोर्टवर दोनच रकाने असतात, आणि महाराष्ट्रात वडिलांचे किंवा लग्नानंतर पतीचे नाव बहुधा पहिल्या रकान्यातच आपल्या नावामागे बसते. परदेशी कारकून दोन्ही मिळून एकच नाव समजतो आणि दवाखान्यात ‘सिद्धाराम नागनाथ’ अशी हाक येते. त्याला ओ द्यावी. ते तुमचे कागदोपत्री नावच आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी महाराष्ट्र शासनाने आईचे नावही वडिलांच्या नावाआधी लिहिण्याचा क्रम ठरवला आहे, त्यामुळे पुढच्या पिढीची हाक आणखी लांबणार आहे.

फोनवर नाव सांगताना काय करावे?

‘एस फॉर सोलापूर’ तिकडे कोणाला कळत नाही. विमानचालकांची अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही वर्णमाला १९५६ पासून जगभर रूढ आहे. आपल्या नावाच्या अक्षरांपुरती ती पाठ करावी.

मुलींनी सुरक्षिततेसाठी वेगळे नाव सांगणे योग्य आहे का?

होय, आणि त्यासाठी कोणालाही कारण देण्याची गरज नाही. भरलेल्या दुकानात पूर्ण नाव मोठ्याने पुकारले जाऊ नये, किंवा पेल्यावरचे नाव वाचून कोणी समाजमाध्यमावर शोधू नये, ही अपेक्षा रास्त आहे. टेबल राखताना आणि अनोळखी माणसाशी बोलताना सोयीचे नाव वापरावे. टॅक्सीच्या ॲपवर मात्र जे नाव नोंदवले आहे तेच ठेवावे, आणि गाडी आल्यावर आपले नाव आपण न सांगता ‘कोणासाठी गाडी आणली?’ असे चालकाला विचारावे.

आडनाव सांगितल्यावर जात विचारली जाते. तेथे काय करावे?

हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, पण विचारला जातो खरा. परक्या माणसाला तुमच्या आडनावावरून काहीही कळत नाही. कळते ते आपल्याच माणसांना, भारतीय किराणा दुकानात, महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात किंवा भारतीय घरमालकाच्या दारात. अशा ठिकाणी पहिल्या नावावर थांबावे आणि ‘पूर्ण नाव काय?’ असा आग्रह झाला, तर ‘एवढेच पुरे’ म्हणून विषय बदलावा. करार करण्याची वेळ आली, तर आडनाव द्यावेच लागेल; पण तोवर घरमालक कसा आहे याचा अंदाज तुम्हाला आलेला असेल.

नाव बदलून सांगण्यात कमीपणा नाही का? घरच्यांना वाईट वाटते.

आपल्याकडे प्रत्येक घरात माणसाला दोन नावे असतातच. कागदावर लक्ष्मीकांत आणि वाड्यात बाळू. सोलापूरच्या पूर्व भागात तर एकाच माणसाला घरी तेलुगूत, कारखान्यात मराठीत आणि बाजारात कन्नडमध्ये वेगवेगळी हाक मारली जाते आणि तो तिन्हींना ओ देतो. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तेथे ‘के दिहुआ’ या नावाने ओळखले जातात आणि म्हणून भैय्या चौकातील त्यांच्या स्मारकाला जाणारा कोणी त्यांना परका मानत नाही.

मात्र एक फरक करावा. काउंटरवर सोयीचे नाव द्या. ज्यांच्याबरोबर वर्षभर बसायचे आहे, त्या सहकाऱ्यांना, शेजाऱ्यांना आणि प्राध्यापकांना खरे नाव शिकवा. तीन-चार वेळा सांगितले की बहुतेकांना ते जमते. मुलांच्या बाबतीत हे अधिक खरे आहे: शिक्षिकेने सोयीसाठी दिलेले नाव शाळेत दहा-बारा वर्षे टिकते.

नोकरीच्या ठिकाणी?

अनेक कंपन्यांत ‘पसंतीचे नाव’ असा वेगळा रकाना असतो, तो ईमेल आणि गळ्यातल्या ओळखपत्रापुरता वापरावा. पगार, कर आणि पूर्वेतिहासाची पडताळणी पासपोर्टवरील नावाने होते.

सोयीचे नाव चुकून अधिकृत नोंदीत शिरले आहे. आता काय?

हे आपण समजतो त्याहून अधिक वेळा घडते. दुकानाच्या सवलतीच्या कार्डापासून सुरुवात होते, त्याच नावाने हप्त्यावर फोन घेतला जातो आणि अमेरिकेत असाल तर पतअहवालात ‘या नावानेही परिचित’ म्हणून ‘सिड’ची नोंद होते. घाबरण्यासारखे काही नाही, पण टाळाटाळ करू नये. संबंधित संस्थेला पासपोर्टची प्रत देऊन लेखी दुरुस्ती मागावी आणि पोचपावती जपून ठेवावी. दोन्ही नावांची महत्त्वाची कागदपत्रे तयार झाली असतील, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र भारतीय वकिलातीत करून घेता येते का, ते पाहावे. सोलापुरातील जागेचा व्यवहार किंवा बँकेतील वारस नोंद करताना हाच कागद कामी येतो. याउलट सोयीचे नावच कायमचे घ्यायचे ठरले, तर ते आधी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावे, मग पासपोर्ट बदलावा आणि परदेशातील नोंदी सर्वांत शेवटी बदलाव्यात. क्रम उलटा केल्यास प्रत्येक खिडकीवर मागच्या खिडकीचा कागद मागितला जातो.